टरॅप वल्ला हाय न्हवं?

पाटबंधारे खात्यात मी एकतीस वर्षं नोकरी केली. पाण्याला वाट दाखवणं हेच माझं काम. डोंगराला वळसे घालून, ओढे ओलांडून मी मैलोगणती पाणी नेलं, आणि निवृत्तीनंतर माझ्याच न्हाणीघरातलं पाणी मला वीस फूट लांबच्या गटारापर्यंत नेता आलं नाही. हे वाक्य लिहायचं धाडस व्हायला मला सहा वर्षं लागली.

ते पाणी ज्यांनी नेलं ते मिस्त्री सातवी नापास होते. हे मला शोधून काढावं लागलं नाही. आमच्या दारात पाऊल टाकल्याबरोबर त्यांनी स्वतःच सांगून टाकलं.

"आदीच सांगतु सायेब. सातवी नापास हाय. गनितात. पुना म्हनू नगा, सांगितलं न्हाई म्हनून."

मी उदारपणे हसलो. गणिताचं मी बघून घेईन, अशा अर्थाचं काहीतरी म्हणालोही. आज ते आठवलं की माझे कान गरम होतात.

मिस्त्री म्हणजे प्लंबर. साताऱ्यात त्यांची हयात गेली, पण मूळ गाव दुष्काळी जतकडचं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. घराण्यात मेंढरं राखायचा धंदा. उंच, वाळलेले, आणि भर वैशाखातसुद्धा डोक्याला मफलर. गळ्यात एक पारदर्शक नळी कायम लटकत असायची. गवंडी लोक या नळीत पाणी भरून दोन टोकांची पातळी जुळवतात, ती नळी. डॉक्टर ज्या ऐटीत छातीवर नळी मिरवतात त्याच ऐटीत हे मिरवत. इतर प्लंबर पातळी बघायला काचेतल्या बुडबुड्याची पाणसळ वापरतात. मिस्त्रींचा पाणसळीवर बिलकूल विश्वास नव्हता. "बुडबुडाच की त्यो," ते म्हणायचे. "बुडबुड्यावर कसला भरवसा ठेवायचा? पान्याला इचारावं, पानी खोटं बोलत न्हाई."

नळीसुद्धा दुय्यमच. पहिली तपासणी पायांनी व्हायची. चपला दाराबाहेर काढून ते फरशीवर अनवाणी फिरायचे, डोळे मिटून, टाच आधी टेकवत. मग मध्येच थांबून म्हणायचे, "हितनं पानी त्या कोपऱ्यात पळतंय." भांडंभर पाणी ओतलं की ते खरोखर त्याच कोपऱ्यात जायचं. हे कसं कळतं, असं मी विचारलं होतं. त्यावर ते म्हणाले, "ल्हानपनी मेंढरामागं फिरलोय. मेंढरू चालतंय तसं पाय चालत्यात. उतार आला की मेंढरू डोळं झाकून वळतंय." मी स्थापत्य अभियांत्रिकीचा पदवीधर आहे. आमच्या अभ्यासक्रमात मेंढरू नव्हतं.

त्यांची आणि आमच्या कॉलनीची ओळख झाली ती भांडणातून. आमच्या शेजारी एक निवृत्त सुभेदार राहतात. दर रविवारी सकाळी ते आपली जीप नळीनं धुवायचे. गाडी कसली, तोफच धुवायचे म्हणा ना. एका रविवारी मिस्त्री सायकलवरून रस्त्यानं चालले होते. त्यांनी फाटकातून ते पाणी वाहताना पाहिलं, सायकल भिंतीला लावली, सरळ आत गेले, नळ बंद केला, सुभेदारांना हात जोडले आणि बाहेर आले. सुभेदारांच्या हातात नळी तशीच राहिली.

"कोण रे तू?" सुभेदार गरजले.

"जतचा हाय," मिस्त्री म्हणाले आणि सायकलवर बसून निघून गेले.

एवढाच खुलासा. कुठल्या तरी पलटणीचं नाव सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. गंमत म्हणजे सुभेदारांना तो पटला. पुढच्या रविवारपासून जीप बादलीनं धुतली जाऊ लागली, आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा सुभेदारांनीच मला मिस्त्रींचा नंबर दिला. "आदमी टेढा हाय," ते म्हणाले, "पर काम एकदम सीधा."

वेळ आली ती अशी. माझी बायको तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झाली आणि लगेचच संधिवातानं तिला गाठलं. गुडघे गेले, मग कंबर. न्हाणीत स्टुलावर बसलेली ती उठेना. शेवटी आंघोळ घालायला एक बाई ठेवावी लागली. बाई चांगली होती, पण ती अंगावर पाणी घालायची तेव्हा ही डोळे घट्ट मिटून घ्यायची. वर्गातल्या पन्नास मुलींना नुसत्या नजरेनं गप्प बसवणारी शिक्षिका ही. एकदा मला म्हणाली, "बाकी काही गेलं तरी चालेल हो. पण आंघोळ माझी मला करता आली पाहिजे." एवढंच तिचं मागणं होतं. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्याकडे इतक्या स्पष्ट शब्दांत काहीच मागितलं नव्हतं, त्यामुळे मीही चांगलाच घाबरलो.

व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, रोज अर्धा तास कोमट पाण्यात बसा, अंग हलकं होतं, मग आधार धरून आपलं आपल्याला उठता येतं. पुण्याला असलेल्या आमच्या मुलीनं लगेच एक टब पाठवून दिला. टब आला, पुठ्ठ्यातून बाहेर निघाला, न्हाणीत मावलाही. आता फक्त त्यातलं पाणी बाहेर काढायची सोय करायची होती.

मी म्हटलं, हे तर माझंच खातं.

टबाच्या तळाला भोक असतं. त्या भोकात जी जाळीची तोटी बसते तिला वेस्ट म्हणतात, आणि तिच्याखाली जी वाकडी नळी बसते तो ट्रॅप. नळीच्या त्या वाकात थोडं पाणी नेहमी साठून राहतं आणि गटारातला वास, झुरळं वर येऊ देत नाही. तिथून पुढे पाइप, आणि पाइपाला ढाळ. वीस फुटांना कमीत कमी सहा इंच ढाळ हवा. मी मोजला. मिळत होता एक इंच.

कारण गटाराचा चेंबर घरासमोर रस्त्याला होता, आणि घर बांधलं तेव्हापासून रस्ता दोनदा उंच झाला होता. दुसऱ्यांदा काँक्रीटचा करावा म्हणून जो अर्ज गेला त्यावर पहिली सही माझी होती. मजकूरही मीच लिहिला होता, आणि तो फार चांगला उतरला होता.

या ढाळावरून घरात एवढी चर्चा झाली की ती कॉलनीत पोचली. एका सकाळी सुभेदारणीचा हिला फोन आला तेव्हा मी मागून ओरडून सांगत होतो, "ढाळ कमी आहे, ढाळ कमी आहे!" ते तिकडे ऐकू गेलं. "कमी आहे ना? बरं झालं," सुभेदारीण म्हणाली. "आता दोन दिवस भाऊजींना मऊ भातच द्या." आणि दुपारी डबा आलाही. मी तो मुकाट्यानं खाल्ला. समजावून सांगत बसण्यापेक्षा ते सोपं होतं.

त्यानंतर मी नकाशा काढला. ट्रॅपसाठी सहा इंच, ढाळासाठी पाच इंच, म्हणजे टब अकरा इंचांच्या ओट्यावर चढवायचा. नुसता ठेवला तर टबाची कड जमिनीपासून सोळा इंच होती. आता ती झाली सत्तावीस. वर चढायला मी दोन पायऱ्या काढल्या आणि दोन्ही बाजूंना कठडा. नकाशा हिला दाखवला.

"हे काय आहे?" तिनं विचारलं.

"तुझा टब."

"मी काय महादेवाची पिंड आहे का? मला आंघोळ करायचीय. अभिषेक नकोय."

मी दुखावलो. दोन प्लंबर आले. एक म्हणाला, नकाशा बरोबर आहे पण मला जमणार नाही. दुसरा म्हणाला, जमेल पण नकाशा चूक आहे. दोघांशीही मी कडाक्याचा वाद घातला आणि दोघेही परत आले नाहीत. टब महिनाभर न्हाणीत उभा होता आणि बाई त्याच्या कडेला हिला स्टुलावर बसवून आंघोळ घालत होती. ही डोळे मिटूनच असायची. या अवस्थेत मिस्त्री आले.

आल्याबरोबर सातवीचं सांगून झालं. मग मी त्यांच्या हातात नकाशा दिला. त्यांनी तो नीट पाहिला, बोटानं पाइपाची रेघ शोधली, पायऱ्या मोजल्या. मग मान वर केली.

"सायेब, ह्यात वैनी कुटं हायत?"

"म्हणजे?"

"टब दिसतुय. पाइप दिसतुय. गटार दिसतंय. न्हानारं मानूस कुटं काडलंय?"

नोकरीत मी असे शेकडो नकाशे तपासले होते, आणि हा प्रश्न मला कधी कुणी विचारला नव्हता.

मग ते हिच्याकडे वळले. दुसऱ्याच्या बायकोशी बोलताना ते कधी तोंडाकडे बघत नसत. तिच्या बाजूच्या भिंतीकडे बघत. भिंतीला त्यांनी विचारलं, "वैनी, खुर्चीवर बसाय-उटाय येतंय का तुमास्नी?"

"हाताला धरायला असेल तर येतं."

त्यांनी आमची जेवणाची खुर्ची आणून टबाशेजारी ठेवली. खुर्चीची बैठक आणि टबाची कड जवळजवळ एका पातळीत आली. "झालं की," मिस्त्री म्हणाले. "कडंवर बसायचं, येक येक पाय आत घ्यायचा, मंग खाली सरकायचं. पर कड खुर्चीच्या वर बोटभर बी न्यायची न्हाई. कड वर ग्येली की टब वैनींचा ऱ्हायला न्हाई, पान्याचा झाला."

"पण मग ढाळ?" मी म्हणालो. मला जरा बरं वाटत होतं, कारण या प्रश्नाला उत्तर नाही हे मला माहीत होतं. मी मोजलं होतं.

मिस्त्रींनी चपला काढल्या, डोळे मिटले आणि चालायला लागले. न्हाणीतून बाहेर, बोळातून स्वयंपाकघरात, तिथून मागच्या दाराकडे. मी मागोमाग. दार उघडून ते दोन पायऱ्या उतरले, मागच्या अंगणात गेले, आणि न्हाणीच्या भिंतीमागे जे लिंबाचं झाड आहे तिथे जाऊन थांबले. तिथे त्यांनी डोळे उघडले.

"ह्या लिंबाला पानी कोन घालतं?"

"मी."

"कसं?"

"बादलीनं. रोज सकाळी. दोन बादल्या."

"ह्या दोन पायऱ्या उतरून?"

"हो. का?"

त्यांनी मफलर काढला, पुन्हा बांधला. त्यांना माझी कीव आली असावी, कारण पुढचं वाक्य त्यांनी फार हळू आवाजात उच्चारलं.

"तुमी कालव्याचं सायेब न्हवं का?"

मागचं अंगण न्हाणीच्या फरशीपेक्षा दीड फूट खाली होतं. मी वीस वर्षं रोज दोन भरलेल्या बादल्या घेऊन तो दीड फूट उतरत होतो. गटार पुढे होतं म्हणून माझ्या डोक्यातलं पाणी पुढेच चाललं होतं. घराला पाठ असते, आणि पाठीमागे उतार असतो, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. टब फक्त उलटा फिरवायचा होता. भोक मागच्या भिंतीकडे, भिंतीतून हातभर पाइप, बाहेर छोटा खड्डा करून त्यात ट्रॅप, आणि तिथून लिंबाचं आळं.

"आमच्या जतला कुनी बी शेंबडं पोरगं सांगंल," मिस्त्री मला धीर देत म्हणाले. "न्हालेलं पानी कुटं जातंय? झाडाला जातंय. गटारात कोन घालतंय, सायेब?"

एवढं होऊनही माझी हौस भागली नव्हती. काम सुरू झाल्यावर मी मुद्दा काढला की पाणी गटारात जाणार नसेल तर ट्रॅप हवाच कशाला? वास कुठून येणार? निदान या एका बाबतीत तरी शास्त्र माझ्या बाजूला होतं.

"वास न्हाई येनार," मिस्त्री म्हणाले. "बेडूक यील. वैनी टबात आन बेडूक बी टबात. बगा, तुमास्नी चालत आसंल तर."

आतून ही जोरात म्हणाली, "ट्रॅप बसवा!"

ट्रॅप बसवताना मात्र ते गमतीनं बोलले नाहीत. वाकडी नळी हातात धरून मला दाखवत म्हणाले, "ह्या वाकात जे पानी ऱ्हातंय न्हवं, त्यो घराचा पहारा. आमच्या आयेनं रांजनाच्या तळाला तांब्याभर पानी कवाच काडू दिलं न्हाई. टँकर चार दिस आला न्हाई तरी त्यो तांब्या तसाच. आमी तानेनं रडायचो. ती म्हनायची, त्यो हाय तवर घरात पानी हाय. टरॅप म्हंजी त्योच तांब्या, सायेब. टब वापरला न्हाई तर आठ दिसांनी तांब्याभर सोडायचं. टरॅप सुकला की घर उगडं पडलं."

मी "हो हो" म्हटलं. मला तेव्हा हे प्लंबरचं नेहमीचं लांबण वाटलं होतं.

आधाराचा दांडा कुठे बसवायचा यावरही मी पुस्तकातली उंची सांगितली. मिस्त्रींनी ऐकून घेतली. मग हिला कोरड्या टबात, साडीनेसती, नीट बसवायला मला सांगितलं आणि स्वतः दाराबाहेर पाठ करून उभे राहिले. जाताना तिच्या हातात खडू देऊन गेले. "वैनी, उटाय बगा. हात जितं आपसूक जातुय तितं खून करा." हिनं हात उचलला आणि भिंतीवर एक रेघ ओढली. तीस वर्षं फळ्यावर लिहिलेला हात तो; रेघ झकास आली. पुस्तकातल्या उंचीपेक्षा ती चांगली वीतभर खाली होती. दांडा रेघेवर बसला.

सगळं जोडून झालं. आता पाणी भरून, सोडून बघायचं. मी नळ सोडला. टब भरायला लागला तसे मिस्त्री बेचैन झाले. ते साताऱ्यात आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरी पाणी नेत आले होते, पण एका माणसासाठी एवढं पाणी एका जागी बघून त्यांचा जीव वरखाली होत होता. टब अर्धा भरला तेव्हा त्यांना राहवलं नाही. "साकु, साकु!" असं ओरडून त्यांनीच नळ बंद केला. जतकडे पुरे म्हणायला साकु म्हणतात. घाबरले किंवा खूश झाले की त्यांच्या तोंडून कानडी यायची.

"आता सोडा," मी म्हणालो.

"न्हाई."

"अहो, बघायला नको का गळतंय का?"

"चांगलं पानी उगंच सोडायचं? तापवा, त्यात घाला, वैनी न्हाऊ द्यात. मंग सोडू. गळलं तर माजी मान हाय."

मी म्हटलं, हे तांत्रिकदृष्ट्या चूक आहे. ते म्हणाले, असंल. हिनं गॅसवर पाण्याची पातेली चढवायला सांगितलं, आणि अशा रीतीनं आमच्या टबाची पहिली चाचणी हिच्या पहिल्या आंघोळीनंच झाली.

बाई मदतीला आली तेव्हा हिनं तिला दाराबाहेर उभं केलं. मलाही. "हाक मारीन तेव्हाच या," म्हणाली, आणि दार लोटून घेतलं. मिस्त्री आधीच मागच्या अंगणात लिंबाशी जाऊन उकिडवे बसले होते, पाइपाच्या तोंडाकडे डोळे लावून.

आत कड कुरकुरल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मग पाणी हलल्याचा. आणि मग ही गुणगुणायला लागली. तिचं गुणगुणणं मी दोन वर्षांत ऐकलं नव्हतं. मी आणि ती बाई दाराबाहेर एकमेकांकडे न बघता उभे राहिलो.

अर्ध्या तासानं आतून आवाज आला, "बूच काढलंय हो."

आता मी एक कबुली देतो. ही टबातून उठेल का, ही काळजी मला होती, हे खरं. पण त्याच वेळी, एक क्षणभर, मला वाटलं की पाणी तुंबावं. फार नाही, थोडंसं. निदान माझा नकाशा तरी बरोबर ठरावा. आपल्या बायकोच्या सुखापेक्षा आपला हिशेब खरा ठरावा असं वाटणारा माणूस कसा दिसतो, हे कुणाला बघायचं असेल तर मी त्या वेळी बोळात उभा होतो.

तेवढ्यात मागून आरोळी आली.

"आलं! आलं रं आलं! पानी आलं!"

टँकर दिसल्यावर जतच्या माळावर जी आरोळी उठते ती ही असणार. ती आमच्या अंगणातून निघाली आणि चारी घरं ओलांडून गेली. उन्हाळ्याचे दिवस, नळाला एक दिवसाआड पाणी. पाच मिनिटांत आमच्या फाटकापाशी सुभेदारीण दोन घागरी घेऊन हजर, तिच्यामागे आणखी तिघी, आणि सर्वांत मागे बादली घेतलेले सुभेदार. "कुठं आलंय?" सुभेदारांनी दम खात विचारलं. मी लिंबाकडे बोट दाखवलं. आळ्यात कोमट पाणी पसरत होतं आणि मिस्त्री त्याच्याकडे बघत, मफलर हातात धरून उभे होते. त्यांचे डोळे भरून आले होते. लपवायचं त्यांना सुचलं नाही.

मी न्हाणीकडे धावलो. ही दारात उभी होती. केस ओले, गाऊन नीट घातलेला, एक हात चौकटीवर. मी हात पुढे केला.

"हात नका लावू," ती म्हणाली. "माझी मी उठले." आणि मग, मला वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ मोठ्यानं, मागच्या दाराकडे तोंड करून, "मिस्त्री, चहा घेऊन जायचा हं!"

चार वर्षं ती रोज त्या टबात बसली. आंघोळीची बाई दुसऱ्याच दिवशीपासून स्वयंपाकाच्या मदतीला लागली. लिंबाला इतकी लिंबं धरली की कॉलनीभर वाटूनही उरायची. माझ्या बादल्या सुटल्या. आमच्याकडे काही काम नसलं तरी मिस्त्री महिन्यातून एकदा येऊन जायचे. चहा घ्यायचे, आणि पाण्याच्या भांड्यात एक घोट ठेवून तो तुळशीत ओतायचे. भांडं रिकामं करून कधीच खाली ठेवायचे नाहीत.

मग त्यांचा हात थरथरायला लागला. पाइपाचे आटे जुळेनात. एक दिवस आले आणि म्हणाले, गावाकडं जातो. पाण्याची नळी त्यांनी गळ्यातून काढून माझ्या गळ्यात घातली. मी काहीतरी विनोद करायचा प्रयत्न केला आणि तो फसला. ही आतून लिंबाच्या लोणच्याची बरणी घेऊन आली.

त्यानंतर दर रविवारी सकाळी साडेदहाला त्यांचा फोन यायला लागला. "कसं काय", "बरं हाय का" असलं काही नाही. फोन उचलला की थेट प्रश्न.

"सायेब, टरॅप वल्ला हाय न्हवं?"

पहिल्यांदा मी हसलो. म्हटलं, हे म्हातारपणातलं वेड. ट्रॅप ओला असणारच, ही रोज न्हाते. "वल्ला आहे," मी सांगायचो. "मंग झ्याक," ते म्हणायचे, आणि फोन बंद. ओळीनं चार-पाच रविवार हीच गंमत चालली. शेवटी हिनंच मला समजावलं. "अहो, ते माझी चौकशी करतात. दुसऱ्याच्या बायकोची तब्येत कशी विचारायची, म्हणून ट्रॅपची विचारतात. ट्रॅप ओला म्हणजे मी अजून माझी मी न्हातेय." हे कळायला मला दीड महिना आणि बायको लागली. त्या दिवसापासून मी उत्तर देताना ओरडून देऊ लागलो, तिलाही ऐकू जावं म्हणून.

दोन वर्षांपूर्वी ही गेली. आदल्या दिवसापर्यंत आंघोळ तिची तिनं केली. मला तिच्यासाठी फारसं काही करता आलं नाही, पण एवढं मागितलेलं तिला मिळालं, आणि तेही मी दिलं नव्हतं.

मिस्त्री तिसऱ्या दिवशी एसटीनं आले. एकटेच. मफलर, अनवाणी पाय. न्हाणीत गेले, तांब्याभर पाणी टबात सोडलं, मागे जाऊन लिंबाशी थोडा वेळ उकिडवे बसले, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेले.

पुढच्या रविवारी साडेदहाला फोन वाजला. मला वाटलं, आता ते निराळं काहीतरी विचारतील. काय उत्तर द्यायचं ते मी जुळवतही होतो.

"सायेब, टरॅप वल्ला हाय न्हवं?"

आता न्हाणारं कुणी नव्हतं, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. म्हणजे ही चौकशी आता माझी होती. आणि ट्रॅप ओला आहे की नाही, हे मला खरंच माहीत नव्हतं. मी फोन तसाच धरून न्हाणीत गेलो, तांब्या भरला, ओतला, मग उत्तर दिलं. ते तोवर थांबले होते.

तेव्हापासून मी फोनची वाट बघत नाही. दहालाच न्हाणीत जातो. तांब्याभर पाणी टबात सोडतो. वाकातलं जुनं पाणी पुढे सरकतं, नवं त्याच्या जागी बसतं, आणि मागे लिंबाच्या आळ्यात तेवढीच माती भिजते. कधीकाळी माझ्या सहीनं तालुक्याच्या तालुक्याला पाणी सुटायचं. सध्या माझं एकूण सिंचन एवढंच. दांड्याशेजारी तिची खडूची रेघ अजून आहे. मी भिंत पुसू देत नाही.

मग तांब्या पालथा न घालता, तळाला घोटभर ठेवून, मी बाहेर येऊन बसतो. साडेदहाला फोन वाजतो.

"सायेब, टरॅप वल्ला हाय न्हवं?"

"वल्ला हाय," मी म्हणतो.